ड्यूकची लव्हस्टोरी मराठीत लिहितेय, पण 'त्या' प्रसंगाला गाडी अडते

पोवईनाक्यावरची (सातारा):
मला त्या जुन्या इंग्लंडातल्या ड्यूक-बिकवाल्या रोमान्सचं लई वेड, कॉलेजपासून वाचतेय, आता स्वतःच मराठीत लिहायला घेतलंय. साल 1815, लंडन. ड्यूक म्हणजे पक्का रंगेल गडी, पत्ते, घोडे, बायका सगळं करून बसलेला. नायिका 23 ची, बापाच्या कर्जापायी बोहल्यावर चढलेली (चर्चमध्ये बोहला नसतो माहितीये, समजून घ्या). पहिल्या रात्री ती सरळ सांगते, आज नाही. तो पण गुमान खुर्चीत जाऊन बसतो. इथपर्यंत झकास जमलंय. पुढं महिन्याभरानं दोघं जवळ येतात तिथं माझी पार वाट लागते, एकतर डब केलेल्या सिरीयलसारखं 'प्रिये प्रिये' होतं नाहीतर डॉक्टरचा रिपोर्ट. काय करू? आणि तिला मुळात लग्नाला नाही म्हणता आलं असतं का? आई शेजारीच झोपलीय, ब्राइटनेस कमी करून टाइप करतेय, चुका पोटात घाला.

हरभटरोड_सांगली:
ताई, 1753 च्या कायद्यानं 21 च्या आतल्यांना घरच्यांची संमती लागायची, तुमची 23 ची म्हणजे तो प्रश्न मिटला. चर्चमध्ये तिनं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायलाच लागतं. पण नाही म्हणून जाणार कुठं हो? लग्न झालं की तिच्या हातातला पैसा नवऱ्याचा, हे 1870 आणि 1882 चे कायदे येईपर्यंत चाललं. पूर्ण काडीमोड पाहिजे तर पार्लमेंटातून आपल्यापुरता कायदा पास करून घ्यायचा, 1857 पर्यंत. त्यामुळं तिचा नकार नखऱ्यासारखा लिहू नका, ती खरंच घाबरलेली असणार. अजून एक, मोठ्या घरात लग्नाआधी वकील करारपत्र करायचे, बायकोचा वर्षाचा हातखर्च, नवरा गेला तर तिची सोय, सगळं त्यात. ड्यूकनं गुपचूप तो आकडा वाढवून घेतलाय आणि तिला नंतर कळतं, असं काहीतरी घाला की. आणि नोकर त्याला 'माय लॉर्ड' म्हणत नाहीत, 'युअर ग्रेस'.

गडकोट_गडी:
इंग्रजांचं कौतुक कशाला? 1808 ला साताऱ्यात प्रतापसिंह महाराज गादीवर बसले, त्या काळावर लिहा.

हरभटरोड_सांगली:
लिहा की तुम्ही, कुणी अडवलंय. आणि आपला ड्यूकशी संबंध नाही असं पण नाही, 1803 ला असईला मराठ्यांशी लढलेला वेलस्ली तोच पुढं 1814 ला ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

कंदीपेढा:
कायद्याचं मला कळत नाही पण आमच्या आज्जीचं सांगते. लग्न मनाविरुद्ध, आजोबांशी सहा महिने बोलली नाही. आजोबा काय करायचे, पहाटे उठून बंब पेटवून तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायचे, वाड्यात पंधरा माणसं, सगळे हसायचे. सातव्या महिन्यात ती म्हणाली, पाणी फार कढत असतंय. झालं, तिथनं सुरू. आज्जी हे सांगताना अजून लाजते, तुमच्या ड्यूककडनं पण असलं काहीतरी करवून घ्या, गुलाबबिलाब नको.

ओवी_मिरज:
भाषेचं म्हणाल तर मराठी लाजरी नाहीये, आपण झालोय. गाथासप्तशती बघा, मराठीच्या आधीच्या महाराष्ट्री प्राकृतातल्या प्रेमकविता, दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतातल्या, नदीकाठच्या बायका, काय एकेक बोलतात! आणि लावण्या लिहिणारे राम जोशी 1812 ला गेले, म्हणजे तुमच्या ड्यूकच्याच काळातले. साधे शब्द घ्या, मान, पाठ, मनगट, कानाची पाळी. 'बाहुपाश' दिसला की खोडा. आणि कपड्यांचा फायदा घ्या ना, त्या बायकांची आतली काचोळी पाठीमागून नाडीनं आवळलेली असायची, दासीशिवाय सुटायची नाही. त्या रात्री दासीला तिनंच रजा द्यायची. मग नाडी सोडायला कुणाला सांगणार?

पोवईनाक्यावरची:
अगं बाई ओवी!! हे बघा आत्ता लिहिलं:
'"गाठ बसलीय," ती आरशाकडं बघत म्हणाली. तो उठला नाही. "सोडू?" त्यानं खुर्चीतनंच विचारलं. तिनं मानेवरचे केस पुढं घेतले. "हळू," ती म्हणाली, "घाई नाहीये मला." बोटं थंड होती त्याची, पत्ते पिसताना कधी न थरथरणारी, पहिल्याच वेढ्याला चुकली. ती हसली तशी तिची पाठ हलली आणि'

आई उठली, उरलेलं उद्या टाकते