मदत हवी आहे: घडीची ई-सायकल डिकीत आडवी ठेवताना कोणती बाजू खाली?

सायकल २० इंची चाकांची, २२ किलोची, गाडी हॅचबॅक. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी आधी काढायची आणि उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही, एवढं पक्कं. उभी ठेवली तर मागचं दार लागत नाही, म्हणून आडवीच. पण चेनची बाजू खाली केली तर डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे तो जिथे टांगलेला असतो ती पट्टी, वाकतो आणि गिअर उड्या मारतात. ती वर केली तर डावीकडच्या डिस्क ब्रेकवर भार. रोटर (ब्रेकची चकती) केसभर वाकला तरी ब्रेक पॅडला खर्रखर्र घासतो. भार पेडल आणि सीटपोस्टवर (सीटची दांडी) घ्यायला खाली फोम किती जाड लागेल? आणि बिजागरीत मोटरची वायर चिमटते (हे डिझाइन करणाऱ्याने कधी घडी घालून पाहिलं असेल का!), ती कुठून वळवून बांधता?