२६ जानेवारीलाच ऑस्ट्रेलियाची शपथ : घ्यावी की तारीख बदलून मागावी?

पूर्वभागची पोर (मेलबर्न)

मंडळी, पेच आहे. हसू नका.

नऊ वर्षं झाली, मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीटमध्ये राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. सिटिझनशिपची परीक्षा दिली, वीस प्रश्नांची. त्यातले मूल्यांवरचे पाच सगळेच्या सगळे बरोबर यावे लागतात, आले. आता काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलंय. शपथविधी २६ जानेवारी, सकाळी साडेदहा.

२६ जानेवारी म्हणजे इथला 'ऑस्ट्रेलिया डे'. १७८८ साली आर्थर फिलिपनं सिडनीच्या खाडीत इंग्रजांचा झेंडा रोवला, तो दिवस. सुट्टी, बार्बेक्यू, समुद्रकिनारा. इथल्या मूळ रहिवाशांच्या लेखी मात्र त्याच दिवशी देश हातचा गेला. १९३८ मध्ये दीडशे वर्षांचा जल्लोष चालला होता, तेव्हा त्यांनी सिडनीत शोकदिन पाळला होता. आजही त्या दिवशी मेलबर्नात मोठा मोर्चा निघतो. आमच्या लॅबमध्ये त्या समाजातली एक बाई आहे. ती दरवर्षी २६ ला मुद्दाम ड्यूटी मागून घेते. "सुट्टी कशाबद्दल घेऊ?" म्हणते.

पण खोटं कशाला बोलू, माझी पहिली अडचण ती नव्हती. माझी अडचण घड्याळाची होती. इथले साडेदहा म्हणजे सोलापुरात पहाटेचे पाच. शपथ पूर्ण झाली की मी ऑस्ट्रेलियन, आणि आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे त्याच मिनिटाला भारतीय नाही. माझ्या जुन्या शाळेत, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटं, आठ वाजता झेंडावंदन असतं. नान्ना, म्हणजे माझे वडील, दरवर्षी गेटाबाहेर उभे राहून मला व्हिडिओ कॉल लावतात. यंदा झेंडा फडकेल तेव्हा मला परकी होऊन तीन तास झालेले असतील.

घरी सांगितलं. नान्ना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "रेशनकार्डातनं नाव कमी करावं लागतं का?" अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या, कागदपत्रांच्या भानगडीत कधी पडली नाही, तिनं एवढंच विचारलं की जुना पासपोर्ट सरकार ठेवून घेतं का. त्यावर माझा चांगला फोटो आहे म्हणे.

शाळेत असताना बाई आम्हाला १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायच्या. गांधी टोपी घातली म्हणून लोक आत टाकले, त्या गावची मी. आणि २६ जानेवारीलाच दुसऱ्या देशाला हात वर करून 'तुझी' म्हणायचं?

तारीख बदलून मागितली तर वाईट दिसतं का? तुम्ही काय केलंत?

कंबर तलाव (सिडनी)

आधी कामाचं. तारीख बदलून मिळते. काउन्सिलला ईमेल करा, कारण विचारलंच तर सांगा, नाहीतर 'त्या दिवशी जमत नाही' पुरतं. अर्ज मंजूर झाल्यापासून साधारण वर्षभरात शपथ घ्यायची असते, तेवढं सांभाळा. डिसेंबर २०२२ पासून काउन्सिलांना २६ च्या तीन दिवस आधी किंवा नंतरही कार्यक्रम ठेवायची मुभा आहे. कित्येक काउन्सिलांनी तारीख हलवली. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, एकदाही नाही. आधी तो सरेंडर करायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआय हातात पडेपर्यंत गड्ड्याचं, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचं, तिकीट काढू नका, मी एकदा काढलं आणि पैसे घालवले. मतदान संपलं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली चालते. अम्मांना सांगा, रद्दचा शिक्का मारून पासपोर्ट परत देतात. फोटो शाबूत.

आणि एक गंमत. 'ऑस्ट्रेलियन नागरिक' ही चीजच २६ जानेवारी १९४९ ला जन्माला आली. तोवर इथले गोरेसुद्धा कागदावर ब्रिटिश प्रजाच होते. म्हणजे आपली राज्यघटना लागू व्हायच्या बरोबर एक वर्ष आधी. त्यामुळं या तारखेवर तिसराही हक्क आहे.

कडक भाकरी (न्यू जर्सी)

ताई, मी तर ४ जुलैलाच शपथ घेतली. ठरवून नाही, नंबर तसा लागला. इकडं त्या दिवशी असे कार्यक्रम मुद्दाम ठेवतात. व्हर्जिनियात जेफर्सनच्या घराच्या अंगणात १९६३ पासून चालू आहे. आमचं आपलं साध्या हॉलमध्ये झालं. हातात कागदी झेंडा, शेजारी घानाचा एक म्हातारा ढसाढसा रडत होता, आणि मी विचार करत होतो की पार्किंगचं मीटर संपलं असणार.

रडू रात्री आलं. आतषबाजीला गावातल्या मैदानावर गेलो होतो, सतरंजी टाकून बसलेलो. पहिला बाण वर जाऊन फुटला आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "हर्र बोला हर्र!" गड्ड्याचं होम मैदान, शोभेचं दारूकाम, बाबांच्या खांद्यावर बसलेला मी, सगळं एकदम. पुढची गोरी मंडळी वळून बघायला लागली. बायको म्हणाली, गप बसा.

माझं मत विचाराल तर घेऊन टाका २६ ला. दोन्हीकडं सुट्टी, तारीख विसरायची सोय नाही.

निवृत्त मास्तर (सोलापूर)

पोरी, वाचून बरं वाटलं की ती चार नावं अजून कुणाच्या डोक्यात आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१, येरवड्याला फाशी. त्याच्या आधीच्या मे महिन्यात गाव इतकं पेटलं की इंग्रजांना इथं मार्शल लॉ लावावा लागला. हल्ली पत्ता सांगताना 'चार पुतळ्यांच्या अलीकडं उतर' एवढाच त्यांचा उपयोग. २६ जानेवारीचं म्हणशील तर सकाळी झेंडा आणि नंतर जिलेबीची रांग. रांग मोठी असते.

घड्याळाचं दुःख मला तितकंसं पटलं नाही. तीन तास आधी काय, तीन महिने नंतर काय, नागरिकत्व जायचं ते जाणार. आपल्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले ते १९४२ ला तिथंच वारले. त्यांना आपण परके म्हणालो का? उलट स्मारक बांधलं.

मला अडलं ते दुसरीकडं. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या बाईंचं तू चार ओळींत लिहिलंस आणि लगेच घड्याळाकडं वळलीस. त्यांना विचारलंस का? १२ जानेवारीला आपल्या चार पुतळ्यांसमोर कुणी बँड लावून केक कापला असता तर?

कडक भाकरी (न्यू जर्सी)

मास्तर, त्याच आठवड्यात गड्ड्याच्या मिरवणुकीत नंदीध्वजांपुढं बँड वाजतोच की.

निवृत्त मास्तर (सोलापूर)

वाजतो. तो सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा वाजतो, फाशीचा नाही. फरक कळत नसेल तर गड्ड्याला ये, दाखवतो.

पूर्वभागची पोर (मेलबर्न)

मास्तर, बोललात ते लागलं. सोमवारी तिला विचारलं. ती म्हणाली, "शपथ कधीही घे गं, माझ्या लोकांना विचारून कुणी आलंय का इथं? पण २६ ला घेतलीस तर फोटो मला दाखवू नकोस." एवढंच. मग सेंट्रिफ्यूज लावायला गेली.

त्या रात्री ताता आठवले. माझे आजोबा. त्यांचे वडील करीमनगरकडून आले, म्हणजे निजामाच्या राज्यातून इंग्रजांच्या राज्यात. कसली परीक्षा नाही, शपथ नाही. साखर पेठेत एका खोलीत हातमागावर बसले, झाले सोलापूरकर. ताता जन्मले सोलापुरात, पण 'देशी जायचंय' म्हणाले की तो देश म्हणजे करीमनगर. तिकडच्या पाहुण्यांनी सोलापूरच्या पाण्याला नावं ठेवली की मात्र भांडायला तेच पुढं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड, यात आपण नक्की कुठले हा प्रश्न त्यांना कुणी पत्र पाठवून विचारला नाही, हे त्यांचं नशीब.

काउन्सिलला ईमेल केला. कारण लिहिलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मार्चमधला एक मंगळवार मिळालाय.

२६ ला मी ड्यूटी घेतली आहे, तिच्याच शिफ्टला. जेवणाची सुट्टी दीड वाजता मागून ठेवली. नान्नांना सांगितलंय, यंदा फोन आडवा धरा. दरवर्षी झेंडा कमी आणि तुमचं बोटच जास्त दिसतं.