मदत हवी आहे: राखडीचं पाणी नाल्यात सोडतात, अहवाल म्हणतो ‘मर्यादेत’

विहिरीकाठचा

मंडळी, आमचं शेत विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या राखड बंधाऱ्याखाली (जळलेल्या कोळशाची राख पाण्यासकट साठवतात तो) आहे. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वडील तिथेच राहतात, मी पुण्यात.

पोळ्याला गावी गेलो होतो. बैल धुवायला नेहमीसारखे नाल्यावर नेले, तर ते बाहेर आले पोटापर्यंत करडे होऊन. अंग वाळल्यावर पापुद्रा धरला. हाताने चोळला की बोटांवर पिठासारखी भुकटी. शेवटी बोअरच्या पाण्याने पुन्हा धुतले, मग झूल चढवली. नाल्याच्या तळाला पूर्वी वाळू होती, आता पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुततो. आमची विहीर नाल्यापासून दीडशे फुटांवर आहे. आई ते पाणी पीत नाही, गुरं मात्र तेच पितात.

लेखी तक्रार दिली. पाहणी झाली, नमुना घेतला, अहवाल आला. त्यात तीनच ओळी: पीएच (पाणी आम्ल की अल्कली), तरंगते घन पदार्थ, तेल व ग्रीस. तिन्हींपुढे ‘मर्यादेत’. राखेत आर्सेनिक, पारा असतो म्हणतात, मग त्यांची ओळच का नाही? राखेच्या तळ्यात तेल शोधून काय मिळणार? नमुना घेतला त्या दिवशी पाणी नितळ होतं, हेही सांगून ठेवतो. आता पुढे काय करावं? जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

जुना राखडवाला

दादा, ॲश हँडलिंगमध्ये (केंद्रातली राख हलवण्याच्या कामात) आयुष्य गेलं, त्यामुळे आतली बाजू सांगतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. जी कोरडी उचलली जात नाही ती पाण्यात कालवून पाइपाने बंधाऱ्यात सोडतात. तिथे राखड तळाशी बसते आणि वरचं नितळ पाणी विहिरीसारख्या मनोऱ्यातून काढून पंपाने परत प्लांटमध्ये आणायचं असतं. कागदावर हे चक्र बंदिस्त असतं, पाणी बाहेर जातच नाही. प्रत्यक्षात परतीचा पंप बंद पडला, बंधारा भरत आला किंवा दोन दिवस झड लागली की जादा पाणी जातं नाल्यात. बैलांच्या अंगावर जे बसलं त्यातला बराचसा भाग राखेच्या बारीक पोकळ गोळ्यांचा असणार. ते इतके हलके असतात की बसतच नाहीत, तरंगत येतात.

म्हणून तुम्ही पाण्याच्या अहवालाआधी परतीच्या पंपाचं लॉगबुक मागा. पंप महिन्यात किती तास चालला, किती युनिट वीज खाल्ली. पंप बंद आणि राखड सोडणं चालू, तर पाणी गेलं कुठे? या प्रश्नाला उत्तर देताना भल्याभल्यांना घाम फुटतो. बांधाच्या पायथ्याशी झिरप्याची चारी असते, तिचाही फोटो काढा. विहिरीत येतंय ते बहुधा तिथून.

कलमदान

तीन ओळींचं कोडं सोपं आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या पहिल्या अनुसूचीत औष्णिक केंद्रांसाठी वेगळी मानकं आहेत. त्यात राख-तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला एवढंच बंधन आहे: पीएच ६.५ ते ८.५, तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल व ग्रीस २०. गंमत म्हणजे त्याच यादीत बॉयलरच्या पाण्याला तांबं आणि लोखंडाची मर्यादा आहे, कूलिंग टॉवरच्या पाण्याला जस्त आणि क्रोमियमची आहे. राखडीच्या पाण्याला एकाही धातूची नाही. त्यामुळे तुमचा अहवाल खोटा असेलच असं नाही, मोजपट्टीच आखूड आहे.

पण हा विषयाचा शेवट नव्हे. त्याच नियमांप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ याहून कडक अटी घालू शकतं आणि त्या असतात वीज केंद्राच्या संमतीपत्रात, म्हणजे मंडळाने दिलेल्या परवानगीत. सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही, सगळं परत वापरायचं, अशी अट त्यात सापडली तर ‘मर्यादेत’ हा शब्दच बाद होतो. पाणी नाल्यात आलं हाच भंग. तेव्हा आधी संमतीपत्र मिळवा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९७४, कलम २५ पोटकलम ६: संमतीची नोंदवही त्या सांडपाण्याची झळ बसलेल्या कोणालाही पाहता येते. त्या कलमाचा हवाला देऊन अर्ज करा, सोबत माहिती अधिकाराचाही टाका. केंद्राला पर्यावरण मंजुरी असेल तर दर सहा महिन्यांनी द्यावा लागणारा अटीपूर्ततेचा अहवालही मागा.

तरीही कारवाई झाली नाही तर जल कायद्याचंच कलम ४९. मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः न्यायालयात तक्रार करू शकता. भरपाई हवी असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांचं न्यायालय; त्याचं पीठ पुण्यात आहे. भरपाईच्या दाव्याला पाच वर्षांची मुदत आहे, पण न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली (भरपाईऐवजी पर्यावरणाच्या वादाचा निवाडा) जायचं असेल तर सहाच महिने. पोळ्यापासून मोजायला लागा.

भूजली

विहिरीची तपासणी करून घ्या, पण एकट्या विहिरीची नको. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात खडकातूनच फ्लोराइड येतं. फक्त तुमच्या विहिरीत जास्त निघालं तर समोरचा वकील ‘हे निसर्गाचं’ म्हणून मोकळा होईल. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची एक विहीर, तुमची विहीर आणि नाल्याचं पाणी असे तीन नमुने एकाच दिवशी घ्या. भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासण्या स्वस्तात होतात. धातूंसाठी मात्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची खासगी लॅब गाठा. आर्सेनिक, पारा, सेलेनियम, बोरॉन असं नाव घेऊन सांगा. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ०.२ आहे, म्हणजे वीसपट. मधला सगळा फरक तुमच्या गुरांच्या पोटात.

कलमदान

भूजलींच्या मुद्द्याला पुरवणी. तुम्ही भरलेली बाटली जल कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन, सीलबंद करून घेतलेलाच नमुना तिथे चालतो. पण तुमचा अहवाल जोडला की धातूंसाठी नव्याने नमुना घ्या ही मागणी टाळणं अवघड जातं. आणि ती मागणी पावसाळ्यात, पाणी वाहत असताना करा. नितळ दिवस त्यांना निवडू देऊ नका.

वाटसरू

पाहा हं, शेवटी गावात एक आरओ मशीन बसवतील, फीत कापतील आणि फोटो छापून आणतील. बैलांना आरओचं पाणी कोण पाजणार?

विहिरीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. पंपाचं लॉगबुक हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या दोन्ही अर्ज टाकतो, शनिवारी गावी जातो. वरच्या अंगाची विहीर मामांची आहे, ते नाही म्हणणार नाहीत. एकच शंका: धातूंच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालावं लागतं असं वाचलं. ते एसटीतून कसं नेऊ?

भूजली

अजिबात नेऊ नका! ॲसिड घातलेल्या बाटल्या लॅबच देते. पाऱ्यासाठी काचेची वेगळी बाटली मागा. आणि बाटली आधी विसळू नका, नाहीतर आतलं ॲसिडच ओतून द्याल. नाल्यावर भरताना तारीख, वेळ आणि मागे बंधारा दिसेल असा फोटो घ्या.