आगगाडीत भेटलेला माणूस
अनोळखी माणसाच्या चार शब्दांनी श्रद्धा खरंच लाभते का, असा प्रश्न कुणीतरी विचारला. मला लगेच मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. कवितेवर गप्पा रंगल्या आणि त्या भल्या माणसाने त्यांना बायबल वाचायला दिलं. वाचताना सुरुवातीला मन रमेना. पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली प्रेमाची, करुणेची वचनं पुढे आली आणि पुस्तक खाली ठेववेना. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र त्यापायी काही वर्षांची ताटातूट सोसावी लागली, आणि मला तर त्यांचं धैर्य जास्त मोठं वाटतं. पुढे १९०० साली त्याही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गातात, जमलं तर जरूर ऐका.