निंदणाच्या बाईनं सनस्क्रीन लावायचं म्हणे!

वर्धेकडची पोर: आई निंदणाला जाते. साडीवर बाबांचा जुना फुलशर्ट, डोक्याला दुपट्टा, एवढीच तिची तयारी. दोन वर्षांत गालांवर, नाकावर वांग आले. त्वचेच्या डॉक्टरांनी एसपीएफ (म्हणजे ऊन अडवायच्या ताकदीचा आकडा) ३० चं सनस्क्रीन लिहून दिलं. ट्यूब ४५० ची, आईची रोजी ३००. तिनं वाटाण्याएवढं घेऊन तोंडभर चोळलं आणि बाकीचं "लग्नात लावीन" म्हणून कपाटात ठेवून दिलं. मला वाटतं, उन्हात राबणाऱ्यालाच याची खरी गरज आहे, आणि आपण त्याला कॉलेजच्या पोरींचे नखरे समजतो. पटत नसेल तर बोला.

बोंडअळी: नाही पटत. आमची बुढी जन्मभर उन्हात राबली, काय झालं तिले? आपल्या कातडीतच देवानं छत्री देली हाय. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, तिथं तुमचं क्रीम घामासंगं गळ्यात उतरते. खिशात कांदा ठेवा, पन्हं प्या, दुपट्टा ओला करा. झालं.

वर्धेकडची पोर: तुमच्या आजीची मान आणि दंडाची आतली बाजू एकदा शेजारी ठेवून बघा. वय दोन्हींचं सारखंच आहे. मान जोड्यासारखी झाली असेल, दंड मऊ असेल. आणि पन्हं उन्हाच्या झळीसाठी, वांगाला त्याचा काय उपयोग?

मेडिकलवाला: मी हेच विकतो, तरी सांगतो. कातडी जाळतात ते अतिनील किरण, आणि ते पाऱ्यावर मोजले जात नाहीत. श्रावणात आभाळ असतानाही ते बरेचसे खाली येतात. सोपी खूण म्हणजे सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की किरण जोरात. नागपूरच्या पट्ट्यात २६ मेच्या आसपास भर दुपारी सावली पायाखालीच गायब होते, नवतप्याचेच दिवस ते.

सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, बोंडअळी भाऊ, पण वांग आपल्याच लोकांना जास्त येतात.

आता हिशेब. चेहरा-मानेला दोन बोटांवर ओळ काढून, म्हणजे साधारण ग्रॅमभर क्रीम लागतं, आणि घाम असला तर दर दोन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढ्यात ३० चा ३० राहत नाही. दिवसाला चार वेळा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत खलास. कोण घेईल? म्हणून आधी कापड, आणि दुपट्ट्यातून उघडं राहतं तेवढ्यालाच, डोळ्यांखाली, नाकावर, क्रीम. एसपीएफ ५० च्या मागं लागू नका: ३० वालं जवळपास ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८.

बोंडअळी: म्हंजे दुपट्टाच ना! मीच जिंकलो.

मेडिकलवाला: अर्धे. पातळ पांढरा सुती दुपट्टा ओला केला की थंडावा मिळतो, पण किरण जास्त आत येतात. ओला गळ्याभोवती ठेवा, वरून घट्ट विणीचा, गडद, कोरडा घ्या.

बोंडअळी: मे महिन्यात गडद? उभ्यानं शिजन मानूस!

मेडिकलवाला: मे महिन्याचं खरं आहे तुमचं. मी निंदणाचं, म्हणजे पावसाळ्यातलं बोलत होतो. अजून एक, वांगावर "गोरं व्हायची" ट्यूब मागायला बाया येतात. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, कातडी पातळ होते, मग ऊन अजूनच चावतं. ती डॉक्टरांना न विचारता लावू नका.

संत्रावाला: आमच्या बागेत मी म्हटलं, सकाळी ६ ला या, ११ ला घरी जा. क्रीमची भानगडच नको. कोणी ऐकत नाही, १० ते ५ च पाहिजे.

रोजानं जाते: ऐकत नाही म्हनता. सकायी सहाले वावरात आलो तं पानी कोन भरन, चूल कोन पेटवन, लेकराचा डबा कोन करन जी? आधी माया घरच्या बुढ्याले उठवा, मंग मी सहाले येतो.