पसंतीक्रम आणि गच्चीवरची टाकी

बी-402: सर्व सभासदांना नमस्कार. कन्येचा अभियांत्रिकीचा पसंतीक्रम उद्या सायंकाळपर्यंत भरायचा असून तिने मेकॅनिकल पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवले आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप कायम होतो, म्हणून विचारतो, की आजची मुले नेमके काय पाहून शाखा निवडतात? घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललेले नाही.

ए-301: राग मानू नये, परंतु कॉम्प्युटरशिवाय दुसरे काही भरू नका. माझे चिरंजीव हिंजवडीत आहेत आणि त्यांचे पॅकेज आपणा सर्वांना ठाऊक आहेच.

सी-104: ठाऊक आहे, भाऊ, गणेशोत्सवापासून चार वेळा कळले आहे.

तात्या, ए-103: आपल्या नाशिकजवळच्या ओझरला 1964 साली विमानांचा कारखाना आला. शाळेच्या पटांगणातून मिग पाहिले आणि तेवढ्यावर आम्ही लेथ शिकायला गेलो. पगार किती, हे रुजू झाल्यावर कळले. 17 ऑक्टोबर 2025 रोजी तेथेच बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए लढाऊ विमानाने उड्डाण केले, ती बातमी मी याच ग्रुपवर टाकली होती. तिला दोन अंगठे मिळाले, त्यांपैकी एक माझ्या सौभाग्यवतींचा होता.

सी-104: तात्या, विमान पाहून शिकायला मुलांना वर पाहण्याची सवड तर हवी. आठवीत फाउंडेशनचा क्लास लागतो, मग कॉलेज रोडच्या फलकावर शेजारच्या मुलाचा फोटो झळकतो आणि त्या दिवसापासून आपल्या मुलाचे ध्येय आपणच ठरवून टाकतो. त्याला मुलाची आवड म्हणणे मला तरी जमत नाही.

ए-301: आवडीने कर्जाचे हप्ते फिटत नाहीत, वहिनी. 1983 साली राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली म्हणून आमच्यासारख्यांना दार उघडले, आणि आम्ही आत गेलो ते नोकरीसाठीच. यात लाज कसली? पुन्हा लिहितो, कॉम्प्युटर.

तात्या, ए-103: मीही पुन्हा लिहितो. ओझर, 1964.

सचिव: विषय निघालाच आहे म्हणून नम्रपणे नमूद करतो, की याच कन्येने समितीची लेखी परवानगी न घेता गच्चीच्या टाकीपासून वॉचमनच्या केबिनपर्यंत बेलची वायर ओढली आहे. पाऊस तोंडावर आहे, उद्या कोणास शॉक बसल्यास उत्तर कोणी द्यायचे?

सी-104: दोन महिन्यांत टाकी एकदाही वाहिली नाही, याचे उत्तर आधी समितीने द्यावे.

ए-301: आणि पंपाच्या दुरुस्तीचे बिलही जोडावे.

सचिव: थकबाकीदारांनी बिले मागू नयेत.

ए-301: कॉम्प्युटर. बाकी प्रत्यक्ष भेटून बोलू.

बी-402: मी कन्या लिहीत आहे, फोन बाबांचा आहे. सचिवकाका, ती बेल सेलवर चालते, तिच्यात घरची वीज नाही. रिकामी बाटली पाण्याबरोबर वर येते आणि बटण दाबते, इतकेच. पहिल्या दोन वेळा बाटली तिरकी होऊन अडकली, म्हणून ती पाइपच्या तुकड्यात बसवली आणि मग तीन रविवार पाइपचा व्यास जुळवण्यात गेले. क्लासच्या एकाही गणितासाठी मी एवढा वेळ बसलेली नाही. तात्या, मी विमान पाहून काही ठरवलेले नाही आणि पॅकेजचाही विचार अजून केलेला नाही. टाकी वाहिली की सगळे वॉचमनकाकांवर ओरडायचे आणि त्यांना खालून पाणी दिसण्याची सोयच नव्हती, ते मला बघवत नव्हते.

तात्या, ए-103: पाइपला वरून एक भोक पाड, पोरी, हवा कोंडत असेल.

बी-402: पाडले आहे, तात्या, 6 मिलिमीटरचे.

सचिव: परवानगीचा अर्ज दोन प्रतींत द्यावा, रविवारच्या सभेत घेऊ. वायर मात्र पन्हाळीच्या कडेने न्यावी, दाराच्या बिजागरीत सापडते.

ए-301: निदान दुसऱ्या क्रमांकावर तरी कॉम्प्युटर भरावे, ही विनंती.