मदत हवी आहे: ऑडी टीटीचं क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) उखडलंय. रिपेंट केलं तर कंपनीच्या रंगासारखं होतं का? (वरुड, जि. अमरावती)

संत्रापट्टा

नमस्कार मंडळी.

गाडी ऑडी टीटी, २०१२ ची, लाल पर्ल (मोत्यासारखी चमक असलेला रंग). मामेभाऊ पुण्याला होता, तो परदेशी गेला तेव्हा त्याच्याकडून घेतली. आता ती वरुडपासून आत आमच्या गावात असते. इतकी बसकी आहे की वावराच्या धुऱ्यापर्यंतसुद्धा जात नाही. हसायचं ते आधी हसून घ्या.

अडचण रंगाची आहे. बॉनेट, छत आणि डिकीचं झाकण, म्हणजे जिथे ऊन थेट पडतं तिथे वरचा चकचकीत थर सुटून राहिला. बॉनेटच्या मधोमध वीतभर चट्टा आहे. त्याच्या कडेला नख लावलं की पारदर्शक साल निघते आणि खाली फिका, खडूसारखा कोरडा लाल उरतो. बाजू आणि दारं मात्र अजून छान आहेत. छतावर बारीक डागही आहेत, पाणी मारून जात नाहीत. शेड होईपर्यंत गाडी संत्र्याच्या बगीच्याच्या कडेला उभी राहायची. झाडांवर कोळशी (काळी पडणारी रोगराई) होती, तिचा चिकटा छतावर पडायचा, आणि वरून मे महिन्याचं ऊन. एका बाजूला झाडांवर फवारतो त्या बोर्डोचे निळसर शिंतोडेही आहेत.

दोन मतं मिळाली आणि दोन्ही एकमेकांच्या उलट.

तालुक्याला एक पेंटर आहेत. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बोलेरो सगळं त्यांच्या हातचं, आणि हात खरंच सफाईदार. त्यांनी बॉनेटला लोहचुंबक लावून पाहिलं तर ते घसरून खालीच पडलं. दाराला मात्र टपकन चिकटलं. म्हणाले, "हे बॉनेट ठोकलेलं हाय, पुरी लांबी (पुट्टी) भरली हाय. रिमूव्हर मारून पत्र्यापर्यंत खरडू अन् नव्यानं रंगवू." सगळ्या गाडीचे तीस-पस्तीस हजार.

नागपूरच्या एका बॉडी शॉपने जाडी मोजायचं छोटं यंत्र गाडीभर फिरवलं. बॉनेटवर ११८ आलं, छतावर १२५, डाव्या मागच्या मडगार्डवर मात्र ३१०. ते म्हणतात, खरडायचं काही नाही, तीन पॅनल रंगवू आणि शेजारच्या पॅनलवर रंग विरवत नेऊ. दीड लाखाच्या आसपास.

पैशाची सोय संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा झाल्यावर होईल, तोवर वेळ आहे. मला एवढंच कळून घ्यायचंय की कुठलाही रिपेंट कंपनीच्या रंगाच्या तोडीचा होऊ शकतो का, की दीड लाख घालूनही ती रंगवलेली गाडीच दिसणार? आणि ते चुंबकाचं काय?

काटोलचा_पोट्टा

राजेहो, आमच्या पट्ट्यात टीटी! भाऊ, फोटो टाक ना आधी. रंगाचं मले काही समजत नाही, मी पाह्यले आलो.

गनमास्तर_हिंगणा

संत्रापट्टा भाऊ, आधी तो रिमूव्हरचा डबा बाजूला ठेवायला सांगा. बाकीचं मग बोलू.

तुमची टीटी दुसऱ्या पिढीची. तिचा सांगाडा बराचसा ॲल्युमिनिअमचा आहे आणि मागचा भाग पोलादी, वजनाचा तोल साधावा म्हणून. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड ॲल्युमिनिअमचे, दारं आणि डिकीचं झाकण पोलादाचं. मग चुंबक बॉनेटवरून पडणार नाही तर काय? पेंटर खोटं बोलत नाहीयेत. त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांत चुंबक पडलं म्हणजे लांबीच असते. पण लांबी भरलेली असती तर यंत्राने ११८ दाखवलंच नसतं, आकडा कितीतरी वर गेला असता. हे आकडे मायक्रॉनमध्ये असतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मध्ये बसतो. तुमचं बॉनेट अस्सल आहे. ३१० वालं मडगार्ड मात्र कधीतरी रंगवलेलं आहे, आणि तुम्हाला ते यंत्राने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

ॲल्युमिनिअमवर लोखंडाला वापरलेला घासपेपर किंवा तारेचा ब्रश चालत नाही. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि ओल लागली की तिथून पांढरी बुकटी धरते. मग रंगाखाली फोड येतात. चांगल्या शॉपमध्ये ॲल्युमिनिअमची हत्यारं वेगळी ठेवतात. नागपूरवाल्यांना हे नक्की विचारा.

काम असं व्हायला हवं: सुटलेलं क्लिअर आणि मेलेला रंग ३२० च्या पेपरने मशिनवर घासून काढायचा आणि खाली घट्ट थर लागला की थांबायचं. कुठे कडेला धातू उघडा पडलाच तर तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा प्रायमर, तो वाळल्यावर ६००-८०० ने पाणी घासाई, मग रंग, मग क्लिअर. लाल रंग झाकायला फार कच्चा असतो, खालच्या प्रायमरचा करडा फिका की गडद यावरून वरचा लाल बदलतो. त्यात तुमचा पर्ल. स्प्रे गन किती लांब धरली, हवेचा दाब किती, कोट ओला की कोरडा, एवढ्यावर त्याची चमक फिरते. म्हणून तर शेजारच्या पॅनलवर रंग विरवत न्यायचा आणि क्लिअर पॅनलच्या कडेपर्यंत पूर्ण मारायचं. डोळ्याला जोड सापडत नाही.

एक मागणी जरूर करा. गाडीवर गन चालवण्याआधी कार्डावर रंग आणि क्लिअर मारून दाखवा म्हणावं. ते कार्ड उन्हात दाराला टेकवायचं. समोरून पाहायचं, मग हेडलाइटपाशी उकिडवं बसून तिरपं पाहायचं. समोरून जुळलेला लाल तिरप्यात काळवंडला तर पुन्हा मिक्सिंग. ट्यूबलाइटखाली "जुळला" म्हणणाऱ्याला हात जोडा.

तोडीचा होतो का? दिसायला होतो, कधी कधी वरचढही. नव्या कोऱ्या गाडीच्या दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा, कड थरथरलेली दिसते. तो ऑरेंज पील कंपनीतूनच येतो. आम्ही क्लिअरचे तीन कोट मारून १५०० ते ३००० पर्यंत घासून पॉलिश केलं की ती कड सरळ होते. पेशन्स आणि पैसे, दोन्ही लागतात.

रसायनताई

गनमास्तर, दिसण्याबाबत तुमच्याशी वाद नाही. मी रंगाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय. टिकण्याबाबत मात्र मधली एक गोष्ट सांगायला हवी.

कंपनीत रंगायला जातो तो नुसता सांगाडा. काच नाही, वायर नाही, सीट नाही. तो धुऊन त्यावर फॉस्फेटसारखा थर चढवतात आणि अख्खा सांगाडा ईडी प्रायमरच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग दाराच्या आत, पट्ट्यांच्या पोकळीत, जिथे कुठलीच गन पोचणार नाही तिथेही जाऊन बसतो. जाडी वीस मायक्रॉनच्या आसपास. मग १६०-१८० अंशांच्या भट्टीत भाजतात. वरचे थर रोबो मारतात आणि ते १४० अंशांच्या आसपास भाजले जातात.

तयार गाडी तुम्ही १४० अंशांत ठेवू शकत नाही, रबर, दिवे, वायरिंग सगळ्याची वाट लागेल. म्हणून शॉपच्या बूथमध्ये (रंगवायच्या बंद खोलीत) ६० अंशांवर अर्धा तास, आणि उरलेलं काम हार्डनर करतो. म्हणजे रिपेंटचा रंग हा कंपनीच्या रंगाची कमी भाजलेली आवृत्ती नव्हे, त्याचं रसायनच वेगळं आहे. चांगल्या टू-के क्लिअरला मी कमी लेखणार नाही, नीट मारलेलं वर्षानुवर्षं टिकतं. पण तळाचा ईडी एकदा खरडला की तो पुन्हा कोणीही चढवून देऊ शकत नाही, स्वतः कंपनीचं सर्व्हिस सेंटरसुद्धा नाही. तुमच्या गाडीचा तो थर शाबूत आहे. "पत्र्यापर्यंत खरडू" ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो यासाठी.

क्लिअर सुटण्याचं कारण ऊनच. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात, ती वर्षांमागून वर्षं खर्च होत जातात. ती संपली की किरण खालच्या रंगापर्यंत पोचतात, रंगाचा वरचा पदर भुकटी होतो आणि क्लिअरची पकड जाते. तुम्ही म्हणता तो खडूसारखा लाल तोच. वरून कितीही पॉलिश करा, ते परत येत नाही.

चिकट्याचं: ती साखर असते. तापलेल्या पत्र्यावर क्लिअर मऊ पडतं, त्यावर चिकटा वाळून आक्रसतो आणि पृष्ठभाग ओढतो. डाग किती खोल गेलाय ते घासताना कळेल. बोर्डोत मोरचूद आणि चुना, त्यातला चुना अल्कली. शिंतोडा पडला की त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवायचा. वाळल्यावर कपड्याने पुसला तर चुन्याची कणी ओरखडे काढते.

आणि एक. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून टू-के मारणारे पेंटर मी आपल्याकडे खूप पाहिलेत. तालुक्याच्या पेंटरदादांना एवढं माझ्यातर्फे सांगा, गाडी त्यांना द्या किंवा देऊ नका.

गनमास्तर_हिंगणा

ताई, ईडीचं मान्य. आणि मास्कचंही, आमच्या शॉपमध्येसुद्धा पोट्ट्यांच्या मागे लागावं लागते.

काटोलचा_पोट्टा

मले एक समजलं. आमच्या इथं एकानं घरामागं ताडपत्री बांधून स्विफ्टचं बॉनेट रंगवाले काढलं. अर्ध्यात गन पोचली अन् लाईन गेली. लाईन आली तवा अर्ध वाळलेलं, अन् मधी पट्टा असा का लांबून दिसे. वरून शेजारच्या वावरात थ्रेशर चालू, तुरीचं कुटार उडून राहिलं. भाऊ, तू नागपूरलेच जाय.

संत्रापट्टा

काटोल, लाईनीचं मी विचारलंच नव्हतं, बरं सांगितलं.

ताई, गनमास्तर, खूप धन्यवाद. चुंबकाचं पेंटरदादांना सांगितलं. ते आधी मानेनात, मग घरून ॲल्युमिनिअमचा गंज (पातेलं) आणून त्याला चुंबक लावून पाहिलं आणि हसायला लागले. म्हणाले, "मंग हे काम आपलं नाही, तिकडंच ने." मला तो माणूस आवडतो तो यासाठीच.

आता राहिलेले प्रश्न. काम कोणत्या महिन्यात करावं? ३१० वालं मडगार्ड सध्या चांगलं दिसतं, त्याला हात लावू द्यावा का? आणि मामेभाऊ फोनवर म्हणतो, एवढा खर्च करतोच आहेस तर अख्खी गाडी काळी करून टाक.

रसायनताई

डिसेंबर-जानेवारी उत्तम. दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश, हवा कोरडी. मे महिन्यात थिनर उडून जातो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि क्लिअरमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. पावसाळ्यात हवेतली ओल त्रास देते. बंद बूथ असेल तर एवढं अडत नाही, तरी निवड तुमच्या हातात असताना हिवाळाच घ्या. नंतर महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग नको, आतला थिनर बाहेर पडू द्या. आणि गाडी झाडाखाली नाही, शेडमध्ये.

गनमास्तर_हिंगणा

काळी करू नका. लाल गाडी काळी करायची तर दाराच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग, डिकीचा गाभारा, सगळं खोलून रंगवावं लागते. ते नाही केलं तर दार उघडलं की लाल डोकावतो. शिवाय आरसीवर रंग लिहिलेला असतो, आरटीओत बदल नोंदवावा लागतो. आणि चांगल्या अवस्थेतली दारं, ज्यांवर कंपनीचा रंग शाबूत आहे, ती कशाला घासायची?

मडगार्डला हात लावू नका. क्लिअरच्या कडा तपासा, साल सुटत नसेल तर राहू द्या. विकायची वेळ आली तर घेणारा यंत्र लावेलच. म्हणून आता जे काम होईल त्याचे टप्प्याटप्प्याने फोटो ठेवा, घासल्यावरचे तर नक्कीच, आणि बिलावर रंगाची कंपनी, कोड, कुठले पॅनल हे लिहून घ्या. खाली लांबी नाही हे त्या फोटोंवरून दाखवता येते.

इन्शुरन्सच्या भानगडीत पडू नका, उन्हाने गेलेला रंग झीज म्हणून धरतात, क्लेम बसत नाही.

कोटेशनमध्ये दोन गोष्टी पाहा: क्लिअर टू-के आहे का आणि कुठल्या कंपनीचं, अन् हेडलाइट, बीडिंग, वायपर खोलून रंगवणार की टेप लावून. टेप लावून म्हणाले तर पैसे कमी करा किंवा दुसरीकडे जा, कारण साल सुटायला पहिल्यांदा त्या टेपच्या कडेलाच सुरुवात होते.

रंगाचा कोड डिकीतलं कार्पेट उचललं की स्टिकरवर दिसेल, एलवाय किंवा एलझेडने सुरू होणारा. त्याचा फोटो इथे टाका, शेडचे किती प्रकार निघतात ते पाहून सांगतो.